रेसलमेनिया निघाला रियाधला!

काय दोस्तांनो, बातमी पोचली ना? ज्या रेसलमेनियासाठी तुम्ही वर्षभर कॅलेंडरवर खुणा करत बसता, तो २०२७ साली सौदी अरेबियातल्या रियाध शहरात भरायचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तशी घोषणा झाली आणि तेव्हापासून आमच्या टपालातली निम्मी पत्रं 'रियाध' या शब्दानेच सुरू होतात!

यात एवढं विशेष ते काय, असं आई-बाबा विचारतील. तर त्यांना सांगा, पहिला रेसलमेनिया ३१ मार्च १९८५ ला न्यूयॉर्कमध्ये झाला. त्यानंतर तो दरवर्षी अमेरिकेतच होत आला. फक्त दोनदा, १९९० आणि २००२ साली, शेजारच्या कॅनडातल्या टोरांटो शहरात गेला. म्हणजे उत्तर अमेरिका खंड काही त्याने कधी सोडला नाही. रियाधचा हा ४३ वा रेसलमेनिया पहिल्यांदाच समुद्र ओलांडतोय, आणि तोही थेट आपल्या अरबी समुद्राच्या पलीकडल्या देशात!

आपल्या मुरुड, म्हसळा, श्रीवर्धनच्या वाचकांना तर रियाध हे नाव भूगोलाच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. कुणाचे मामू तिथे नोकरीला, कुणाचे चाचा जेद्दाला, तर कुणाचे अब्बा दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर येणारे. त्यामुळे 'मामूंना तिकीट काढायला सांगू का?' हा प्रश्न तिथून आलाच. सांगा की! फक्त तिकिटाची किंमत आधी विचारा, नाहीतर मामूंचा महिन्याचा पगार एका रात्रीत चीतपट व्हायचा.

घरबसल्या बघणाऱ्यांसाठी घड्याळाचा हिशेब. अमेरिकेत संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे पहाट असते. म्हणून आजवर हा सामना पहाटे उठून बघावा लागायचा, आणि २०२० पासून तो शनिवार-रविवार असा दोन रात्रींचा झाल्यामुळे आपल्या सोमवारच्या शाळेवर संक्रांत यायची. रियाध आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागे आहे. तिथे रात्री आठ वाजले की आपल्याकडे साडेदहा. आता पहाटेची झोप वाचेल, पण रात्रीची जाईल. यावर घरात काय तह करायचा तो तुमचा तुम्ही करा बुवा!

आता मुद्द्याचं. या आठवड्यात दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. एक सातवीतल्या मुलाचं. त्याने एकच ओळ लिहिलीय : 'खरं सांगा, ते खरं असतं की खोटं?' दुसरं पत्र एका आईचं, किनाऱ्यावरच्याच एका गावातून आलेलं. त्यांचा मुलगा मित्रांबरोबर वाळूत 'पॉवरबॉम्ब' खेळत होता. मित्राने उचललं, आपटलं. गळपट्टीचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. त्या विचारतात, 'हे बघणं बंदच करावं का?'

दोन्ही पत्रांचं उत्तर एकच आहे. पण ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

मागे म्हणजे आधी तुमच्या आई-बाबांच्या लहानपणात जाऊ या. १९९० च्या सुमारास घरोघरी केबल आली आणि तिच्यातून ही मंडळी उतरली : हल्क होगन, अंडरटेकर, ब्रेट हार्ट. तेव्हा कंपनीचं नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं. (ते बदलावं लागलं एका पांडामुळे! वन्यप्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचंही लघुनाव तेच, तिचं चिन्ह पांडा. भांडण कोर्टात गेलं, पांडा जिंकला, आणि मे २००२ पासून पैलवानांची कंपनी डब्ल्यूडब्ल्यूई झाली.) बाबांना विचारा, ट्रम्प कार्डं होती का? उंची, वजन, दंड, रँक असे आकडे छापलेली पत्ती. मधल्या सुट्टीत त्यांच्यावर डाव रंगायचे. आणि हेही विचारा, अंडरटेकरचे किती जन्म होते? 'सात' असं उत्तर ताबडतोब येईल! त्या काळात साऱ्या भारतातल्या पोरांना हे ठाऊक होतं. १९९४ साली रिंगणात एकदम दोन अंडरटेकर समोरासमोर उभे राहिले, तेव्हा तर खात्रीच पटली. तो मार्क कॅलवे नावाचा माणूस आहे आणि सामना संपल्यावर घरी जाऊन जेवतो, हे सांगायला कुणी गेलं असतं तर मार खाल्ला असता.

आता आणखी मागे, थेट १९१० साली लंडनला जाऊ. आपल्या देशातला एक पैलवान तेव्हा तिथे गेला होता. त्याचं नाव गामा. हो, तोच. अंगात जरा रग दाखवली की आजी 'मोठा गामा लागून गेलास का?' म्हणते ना, तो गामा. १० सप्टेंबर १९१० ला त्याची गाठ पडली पोलंडच्या झ्बिस्को नावाच्या महाकाय पैलवानाशी. (हे नाव मोठ्याने म्हणून बघा, जिभेची कुस्ती होते.) सामना अगदी खरा, काहीही ठरवलेलं नाही. आणि झालं काय? गामाने पहिल्या मिनिटातच त्याला खाली घेतलं. झ्बिस्को पोटावर पालथा पडला आणि पालथाच राहिला! पाठ जमिनीला लागल्याशिवाय हार होत नाही, म्हणून कासवासारखा घट्ट चिकटून बसला. एक तास गेला, दोन तास गेले. अडीच तासांहून जास्त वेळ हाच प्रकार. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. आठवड्याने पुन्हा गाठ ठरली, तर झ्बिस्को आलाच नाही, आणि मानाचा पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळाला दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने एक मिनिटही लावलं नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पण तुम्ही त्या दिवशी लंडनमध्ये तिकीट काढून बसलेले प्रेक्षक आहात अशी कल्पना करा. अडीच तास एक माणूस पालथा, दुसरा त्याच्यावर! तुम्ही पुन्हा तिकीट काढाल?

इथेच सगळी मेख आहे. खरी कुस्ती कधी अर्ध्या मिनिटात आटोपते, कधी तासन्‌तास अडकते. ती प्रेक्षकांच्या सोयीने चालत नाही. अमेरिकेत हा धंदा करणाऱ्यांच्या हे लक्षात आलं. तिथे जत्रांमधून तंबू ठोकून कुस्त्या लावायची पद्धत होतीच, आणि त्यात लबाडीही होती. १९२० च्या दशकात टूट्स माँट नावाच्या गृहस्थाने आणि त्याच्या जोडीदारांनी तिला एक नवं रूप दिलं. वेळेची मर्यादा घातली, उचलाउचली आणि आपटाआपटी वाढवली, गोष्ट रचली. कोण जिंकणार ते आधी ठरू लागलं. प्रेक्षकांना मात्र कुणी काही सांगत नव्हतं. हे गुपित पुढे कितीतरी वर्षं पैलवानांनी जिवापाड सांभाळलं. मग १९८९ साली कंपनीनेच अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या लोकप्रतिनिधींपुढे कबूल केलं की आमचा खेळ म्हणजे स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. का कबूल केलं माहितेय? खऱ्या खेळांना लागू असलेले सरकारी नियम आणि कर टाळायचे होते म्हणून! पैशापुढे गुपित कसं टिकणार?

म्हणजे सातवीतल्या दोस्ता, जिंकणारा आधी ठरलेला असतो. तुला हे वाचून वाईट वाटलं असेल. पण थांब, अर्धंच सांगितलंय.

जिंकणारा ठरलेला असतो, पण पडणं ठरवून मऊ करता येत नाही. १९८७ च्या रेसलमेनियात हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं, ते दृश्य आजही दाखवतात. आंद्रेचं वजन जाहिरातीत ५२० पौंड सांगत, म्हणजे सुमारे २३६ किलो. भाताची भरलेली पोती डोळ्यांपुढे आणा. एवढा देह, ज्याला उचलून घ्यायचंच नाही, तो कुणाच्या बापाला उचलता येणार नाही. आंद्रेने ते होऊ दिलं. त्याची पाठ तेव्हा फार दुखत होती, आणि तरी आपला मोठेपणा होगनच्या हाती सोपवायचा म्हणून तो पडला. आपल्याला दिसला होगनचा जोर. त्यामागचं आंद्रेचं काम दिसलं नाही.

जवळजवळ प्रत्येक डावात हेच असतं. 'चोकस्लॅम'मध्ये उचलला जाणारा स्वतः उडी मारतो. उचलणारा त्याची पाठ सांभाळत त्याला खाली आणतो. पडणारा हनुवटी छातीला लावतो, म्हणजे डोकं आपटत नाही, आणि पाठीचा वरचा भाग नि दोन्ही हात एकदम टेकवून मार वाटून घेतो. हे एवढं शिकायलाच महिनोन्‌महिने जातात. रिंगणाच्या कापडाखाली पातळ गादी, तिच्याखाली लाकडी फळ्या, त्याखाली लोखंडी सांगाडा असतो. फळ्या थोड्या दबतात, आणि तो 'धाड्‌' आवाज त्यांचाच. कुणाला खरंच लागलं तर पंच दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून फुलीची खूण करतो. मग आतले लोक धावत येतात. समोरासमोर उभे असलेले ते दोघे एकमेकांचे शत्रू असल्याचं सोंग करतात. खरं तर एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात असतो.

आणि एवढी काळजी घेऊनही अपघात होतात. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीमध्ये ओवेन हार्ट नावाचा गुणी पैलवान छतावरून दोराने खाली उतरत रिंगणात येणार होता. मधेच कडी सुटली. तो उंचावरून पडला आणि वाचला नाही. चौतीस वर्षांचा होता. ते नाटक नव्हतं.

हरणं हासुद्धा यांच्या कामाचा भाग असतो. जॉन सीना तुमच्यातल्या अर्ध्यांचा तरी लाडका. डिसेंबर २०२५ मध्ये तो शेवटचा लढला आणि गुंथरकडून हरला. पुष्कळांनी रडारड केली. पण जाणाऱ्याने जाताना नव्याला मोठं करून जायचं, ही त्या धंद्यातली जुनी रीत आहे. मला स्वतःला त्याचं ते हरणं त्याच्या कितीतरी जिंकण्यांपेक्षा आवडलं.

आता त्या आईंच्या पत्राकडे येऊ. ताई, बंद करून काही होईल असं मला वाटत नाही. पूर्वी पोरं शेजाऱ्यांकडे जाऊन बघायची, आता मित्राच्या मोबाईलवर बघतील. त्यापेक्षा वर लिहिलंय ते त्याला वाचून दाखवा. टीव्हीतला माणूस 'पॉवरबॉम्ब' खातो, कारण खाणारा आणि देणारा दोघेही तो शिकलेले असतात. तुमच्या मुलाला त्याच्या मित्राने उचललं तेव्हा दोघांपैकी कुणालाच काही येत नव्हतं. त्यात समोरचा खरोखर जोर लावत होता!

आणि दोस्तांनो, वाळूचं एक सांगतो. 'वाळू मऊ असते, काही लागत नाही,' असं तुम्ही सगळे म्हणता. कोरडी, वरची वाळू मऊ असते, मान्य. पण तिथे पाय रुततात म्हणून तुम्ही खेळता कुठे? ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्यावर. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर याच पट्ट्यावरून घोडागाडी धावते, बैलगाड्या पळतात. चाकं रुतत नाहीत, नुसता चरा उमटतो. जिथे बैलगाडीचं चाक रुतत नाही, ती वाळू तुमच्या मानेला मऊ कशी लागेल? तिच्यापेक्षा त्या रिंगणातल्या फळ्या बऱ्या, त्या निदान दबतात.

मग काय करायचं? अंगात रग तर आहे!

या रगेसाठी आपल्याकडे फार जुनी सोय आहे. अलिबाग, पेण, उरणकडच्या आगरी-कोळी गावांत भातं कापून झाली, जत्रा-पालख्या सुरू झाल्या की रिकाम्या खाचरात कुस्त्यांचे फड लागतात. बघितलेत का? नसेल तर यंदा जाच. सुरुवात पोरासोरांपासून होते. पंच दोघांना शेजारी उभं करून उंची-अंग बघतात, जोड जमली की हात वर करतात. पहिल्या कुस्त्या नारळावर. जिंकला की नारळ हातात, आणि कुणी काका खूष झाला तर वर एक नोट. ढोल-ताशा चाललेला असतो. सलामी, खडाखडी, आणि मग एकदम कुणीतरी ढाक मारतो, कुणी धोबीपछाड, नि एक जण आकाशाकडे तोंड करून पडलेला! पाठ लागली, संपलं. 'निकाली' कुस्ती म्हणतात ती हीच.

आणि इथे जर दोघांनी आधी ठरवून कुस्ती केली, तर? त्यालाही शब्द आहे : नुरा कुस्ती. गावकऱ्यांना ती चटकन ओळखू येते आणि मग दोघांचीही अशी हुर्यो उडते की विचारू नका. रियाधच्या रिंगणात आधी ठरलेलं चालतं, कारण ते आता सगळ्यांना सांगून सवरून केलेलं असतं. खाचरात चालत नाही, कारण तिथे लोक निकाल बघायला आलेले असतात.

फडात उतरायच्या आधी तालीम. तिथे पहिले काही आठवडे वस्ताद तुम्हाला डाव शिकवतच नाहीत. आखाडा खोदायला लावतात! हातभर खोल भुसभुशीत केलेली लाल माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळलेलं. मग जोर, मग बैठका, मग मान पक्की करायचे व्यायाम, आणि मग पडायचं कसं ते. जो नीट पडायला शिकला नाही त्याला वस्ताद कुणाच्या अंगावर सोडत नाहीत. ताई, हात पूर्ण बरा झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, तुमच्या मुलाला एकदा अशा ठिकाणी घेऊन जा. तिथे पोरं रोज पडतात, पण वस्तादाच्या डोळ्यांसमोर.

मुलींनो, तुम्ही गप्प का? ३१ ऑक्टोबर २०१९ पर्यंत सौदी अरेबियात या कंपनीच्या बायकांची एकही कुस्ती झाली नव्हती. त्या दिवशी याच रियाधमध्ये नताल्या आणि लेसी इव्हान्स अंगभर कपडे घालून पहिल्यांदा रिंगणात उतरल्या. आपल्याकडे मुलींसाठी पहिली महाराष्ट्र केसरी कुस्ती व्हायला २०२३ चा मार्च उजाडला. सांगलीला झालेल्या त्या कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. म्हणजे रियाधला फार नावं ठेवायला नकोत, उशीर आपल्यालाही झालाच की.

परदेशातल्या कुस्तीचा विषय निघालाय तर एक नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, मातीत वाढलेला हा पैलवान मॅटवर सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. गावातल्या लोकांनी जमेल तशी भर घातली. २३ जुलै १९५२ ला खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. दुसरं मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडला त्यांच्या स्वागताला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि हो, परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचे पैसे फेडले, असं सांगतात.

तर रेसलमेनिया बघा, आवडीने बघा. या वेळी मात्र मारणाऱ्याकडे न बघता पडणाऱ्याकडे बघा. हनुवटी कुठे आहे, हात कुठे टेकले, उडी त्याने स्वतः मारली का, हे शोधायला लागलात की सामना दुप्पट रंगतो. बाबांनाही शेजारी बसवा, अंडरटेकरच्या सात जन्मांची गोष्ट ते सांगतीलच.

आणि तुमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड कधी लागतो, नारळाची कुस्ती कोण जिंकलं, कुठल्या डावावर जिंकलं, ते आम्हाला पोस्टकार्डावर लिहून कळवा. डावाचं नाव तुमच्या गावात वेगळं असेल तर तेच नाव लिहा. मुरुडकरांनो, मामूंनी तिकिटाची किंमत काय सांगितली, तेही कळू द्या!